लव्हाळ्यांच्या कोपऱ्यातली सफाई

९ ऑगस्ट

वन्सं,

चादरी भिजवून झाल्या होत्या आणि मी वाळत घालायच्या दोरीवरून ओलं फडकं फिरवत होते, कारण पक्ष्यांनी ती नेहमीसारखी घाण करून ठेवली होती. हे मागच्या पायरीवर बसून वल्ह्याच्या मुठीला कापड गुंडाळत होते. मी म्हटलं, "जुनीच चादर फाडलीत ना? चांगली नव्हे?" तर म्हणाले, "चांगली आपल्या घरात एकच आहे, आणि ती तू न येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवली आहेस." मग मी कोंबड्यांना दाणे टाकले, डबा भरला, केर काढला. पाण्याची बाटली विसरले म्हणून कुंपणापर्यंत पळत गेले. त्यांनी घेतली आणि "पळू नकोस, पडशील," म्हणाले. दुपारी नाव काठाला ओढून ते तिथेच खाली बसले ते बसलेच. पडायचं कुणी आणि पडलं कोण.

तुम्ही विचारलंत, दादाची शेवटची सकाळ कशी होती, भाषणात सांगायची आहे. ती अशी होती. त्यात भाषणाजोगं काही नाही. हवं तर बाटलीचं सांगा. चादरीचं नको.

आता मुद्द्याचं. त्यांना जाऊन वर्ष होईल त्या रविवारी, सहा सप्टेंबरला, तुमचा सकाळी फिरणाऱ्यांचा गट घेऊन तुम्ही तळ्याची सफाई करणार आहात. मनात आणलंत हे चांगलं आहे. पण ती तारीख पुढे ढकला. नोव्हेंबरात करा. लव्हाळ्यांच्या कोपऱ्यात सध्या टिबुकल्यांची घरटी आहेत. तिथलं गवत उपटलं तर घरटी जातील. कागद, बाटल्या काठावरून गोळा करायला माझी ना नाही. पाण्यात उतरू नका.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. "नणंद-भावजयीने काय बोलायचं ते लिहून बोला, मधे मला घालू नका," हा ह्यांचाच नियम. तो मी मोडणार नाही.

तुमची,
वहिनी

१४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

बाटलीचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हेच हवं होतं मला. भाषणात घेतलं आहे. (चादरीचंही घेतलं आहे. रागावू नकोस. लोक हसतील, आणि दादाला हसणारी माणसं आवडायची.)

तारीख मात्र हलणार नाही. अगं, बस ठरली. टी-शर्ट छापून झाले, पिवळे, पाठीवर दादाचं नाव. गटातले निवृत्त डॉक्टर गमबूट घालून घरात चालायचा सराव करत आहेत, त्यांची बायको वैतागली आहे. शाळा चालवलेल्या बाईने ठरवलेला कार्यक्रम आहे हा, पाऊस आला तरी होणार.

आणि खरं कारण सांगते. गेल्या महिन्यात मी तुला न सांगता तळ्यावरच्या उद्यानाच्या माहिती केंद्रात जाऊन आले. भिंतीवर फोटोंत धरण बांधणारे इंजिनिअर आहेत. उद्घाटनाची फीत कापणारे आहेत. फीत धरणारेसुद्धा आहेत. एका साहेबाचा कुत्रा आहे, नावासकट! आमचं गाव त्या पाण्याखाली गेलं त्याबद्दल एक ओळ आहे: "येथील वस्तीचे स्थलांतर करण्यात आले." मी पाच वर्षांची होते, दादा आठ. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आम्ही दोघं स्थलांतरित झालो. आणि त्याच पाण्यावर जन्मभर राखण करणारा माझा भाऊ त्या भिंतीवर कुठेच नाही.

मी उद्यानाच्या अधीक्षकांना गाठलं. माणूस बरा आहे. म्हणाला, नुसती पाटी लावायला मंजुरी मिळत नाही, पण लोकसहभागाचा कार्यक्रम झाला तर त्याची आठवण म्हणून धक्क्यावर पाटी लावता येते. त्यांची बदली ऑक्टोबरात आहे. नवा साहेब कोण, कसा, देव जाणे. म्हणून सप्टेंबर.

टिबुकल्यांची काळजी करू नकोस. पक्ष्यांना कुणी त्रास द्यायचा नाही अशी सगळ्यांना सक्त ताकीद देईन. माझी ताकीद काय असते ते माझ्या विद्यार्थ्यांना विचार, त्यांना अजून घाम फुटतो.

तू माझ्या शेजारी उभी राहशील ना?

तुझी नणंद

१८ ऑगस्ट

वन्सं,

ताकीद कुणाला देणार? पक्षी दिसला तर ना माणूस त्याला त्रास देणार नाही.

टिबुकली म्हणजे मुठीएवढा पक्षी. तिचं घरटं झाडावर नसतं, काठावर नसतं. पाण्यावर कुजक्या पानांचा ढीग रचते आणि गवताच्या देठांना अडकवून ठेवते. माणूस जवळ आला की घाईघाईने वरची ओली पानं ओढून अंडी झाकते आणि बुडी मारते. घातली तेव्हा पांढरी असलेली अंडी त्या चिखलाने तपकिरी होतात. मग तुमच्या डॉक्टरसाहेबांना काय दिसेल? कुजका कचरा. आणि ते आलेच आहेत कचरा काढायला. जितका माणूस मन लावून सफाई करणारा, तितकी तिची वाट लागणार. हे मी कुठल्या शहाणपणाने सांगत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांच्या नावेत बसून मीच एक ढीग वल्ह्याने ढकलला होता, तेव्हा ह्यांनी माझा हात धरला म्हणून मला कळलं.

मी काल अधीक्षकांकडे गेले. आधी कारकून म्हणाला, साहेब जेवताहेत. मग म्हणाला, साहेब फोनवर आहेत. दार उघडंच होतं, साहेब नुसतेच बसले होते. मी आत गेले.

"बाई, तुमच्याच मिस्टरांच्या नावाने कार्यक्रम, आणि तुमचाच विरोध?"

"नावाला विरोध नाही. गवत काढायला विरोध आहे."

"पण अर्ज कुटुंबातर्फे आला आहे."

"कुटुंब म्हणजे कोण?"

त्यांनी कागद पाहिला. "तुमच्या नणंदबाई."

"मग मी कोण?"

यावर त्यांनी मला चहा मागवला. वाईट माणूस नाही ते, तुमचं खरं आहे. म्हणाले, टिबुकलीची अंडी गेली तर ती पुन्हा घालते, एवढं मनावर घेऊ नका. तेही खरं आहे, घालते. पण पुन्हा घालते म्हणून मोडायचं, हा कुठला न्याय? शेवटी म्हणाले, दोन्ही बायकांनी आपसात ठरवा, मी दोघींच्या मधे पडत नाही. बघा, ह्यांचाच नियम सरकारी खात्यानेही उचलला.

भिंतीचं म्हणाल तर ती मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी शाळेत गेले नाही. त्या केंद्राच्या काचा पुसायचं काम माझ्याकडे होतं तेव्हा त्या पाट्यांवरूनच अक्षरं लावायला शिकले. मी वाचलेला पहिला मोठा शब्द "स्थलांतर". तेव्हा त्याचा अर्थ ह्यांना विचारला, तर म्हणाले, "मी."

तारीख बदला. एवढंच मागते.

वहिनी

२३ ऑगस्ट

वहिनी,

तू माझ्या मागे जाऊन अधीक्षकांना भेटलीस. त्यांनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, घरात काही वाद आहे का?" परक्या माणसाने मला हे विचारावं! आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगू कुणाला?

आता स्पष्ट लिहिते, तुलाही स्पष्टच आवडतं. मला नाही वाटत हे टिबुकल्यांबद्दल आहे. दादा गेला तेव्हा तू मला संध्याकाळी कळवलंस. दुपारी गेला, संध्याकाळी कळवलंस. मी काही बोलले नाही. त्याची टोपी मागितली, तू "बघते" म्हणालीस, अजून बघतेच आहेस. आता मी त्याच्यासाठी एक गोष्ट करू पाहते तर तिथेही तुझं कुंपण. त्या तळ्याखाली माझं घर आहे, वहिनी. तळाशी आमचा ओटा आहे, आमची विहीर आहे. तू तिथे लग्न होऊन आलीस, तेव्हा वर पाणी होतं आणि पाण्यावर पक्षी होते. तुला पक्षीच दिसणार.

माझं वय होत चाललं आहे. मी मेल्यावर त्या काठावर आमच्या घराची काय खूण राहील? जुना रस्ता पाण्यात उतरतो तिथे लोक फोटो काढतात आणि हसतात, की बघा, रस्ता बुडाला. एक पाटी. त्यावर माझ्या भावाचं नाव. एवढ्यासाठी मी दारोदार फिरले.

दादा तुझ्या प्रत्येक म्हणण्याला "बरं" म्हणून विषय मिटवायचा. मी मिटवणार नाही. कार्यक्रम सहा तारखेलाच होईल. यायचं तर ये.

२८ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र मी ओट्यावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्या बाजूने भांडी घासली. मग उत्तर लिहायला बसले.

संध्याकाळी कळवलं, कारण दुपारभर मला ते खरं वाटलं नव्हतं. टोपी मी देत नाही, कारण तिला अजून वास आहे. जाईल तेव्हा देईन. झालं? आता यात कुंपण असलं तर असू दे.

तुमच्या घराची खूण राहावी असं मलाही वाटतं. ओटा कुठे आणि विहीर कुठे, हे ते मला नावेतून बोट दाखवून सांगायचे. लव्हाळ्यांचा कोपरा म्हणजे तुमच्या वडिलांचं शेत. तिथे खालची माती अजून चांगली आहे, म्हणून तिथलं गवत सगळ्यात दाट, आणि म्हणूनच टिबुकल्या तिथे येतात. मला नुसते पक्षी दिसत नाहीत.

भांडून उपयोग नाही, तुम्ही ऐकणार नाही आणि मीही. म्हणून मधला मार्ग काढला आहे. तुम्ही या. सफाई करा, पाटी लावा. मी आधी नाव घेऊन जाईन आणि प्रत्येक घरट्याजवळ बांबूची काठी रोवून तिला पांढरी चिंधी बांधीन. हे दर वर्षी असंच करायचे, म्हणजे नाववाले लांबून जात. नाववाल्यांना काठी म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. तुमच्या लोकांना सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच सांगायचं आहे: जिथे काठी दिसेल तिथून दहा हात लांब राहायचं, तिथल्या गवताला हात लावायचा नाही. बाकी सगळा काठ तुमचा.

अधीक्षकांनाही सांगून आले. "उत्तम, उत्तम," म्हणाले. त्यांचं उत्तम मी फार धरत नाही, तुमचं धरते.

मी येणार नाही. पिवळ्या टी-शर्टवर ह्यांचं नाव इतक्या पाठींवर फिरताना मला बघवणार नाही. ह्यात तुमच्यावर राग नाही.

हे पत्र मिळाल्याचं कळवा.

वहिनी

८ सप्टेंबर

माझी वहिनी,

काय लिहू आणि किती लिहू! कंबर मोडली आहे, नखांतला चिखल निघत नाही, आणि मी इतकी खूश आहे की आमच्या घरातले म्हणतात हिला पुन्हा नोकरी लागली का.

पण आधी तुझं. तू आली नाहीस. बसमधून उतरल्यावर मी तुला शोधलं आणि मन खट्टू झालं. अधीक्षकही नव्हते, त्यांना मुख्यालयात बोलावलं होतं. कुठून सुरुवात करावी कळेना, तळं केवढं, माणसं मूठभर. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मॅडम, त्या काठ्या कसल्या?" बघते तर लव्हाळ्यांच्या कोपऱ्यात ठिकठिकाणी बांबू रोवलेले, आणि त्यांना पांढऱ्या चिंध्या! मी कारकुनाला विचारलं, तर म्हणाला, "बाईंनी कार्यक्रमासाठी लावल्यात." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझ्याशी भांडलीस, येणार नाही म्हणून बसलीस, आणि आमच्या आधी एकटी जाऊन जागा आखून ठेवल्यास. चिंध्या त्याच जुन्या चादरीच्या, मी ओळखल्या. भाषणात सांगितलंच होतं ना चादरीचं, मग मी सगळ्यांना तिथेच सांगितलं, "ही बघा ती चादर!"

आणि किती अचूक गं! प्रत्येक काठीपाशी कुजक्या पानांचे गच्च ढीग. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वहिनींना तळ्याची नस न् नस माहीत आहे. आम्ही एकही काठी सोडली नाही. सगळं काठावर ओढून काढलं. आता तो कोपरा असा स्वच्छ झाला आहे की आकाश दिसतं. तुझ्या टिबुकल्याही दिसल्या बरं का. एक सारखी किंचाळत बुड्या मारत होती, अगदी आमच्या पायांशी. गटातल्या मुलींनी फोटो काढले. मी ताकीद दिली होती, कुणी तिला हातही लावला नाही.

धक्क्यावर खांब बसला आहे, पाटी रंगून येत्या आठवड्यात लागेल.

तुझं मागचं पाकीट मी फोडलं नव्हतं, माफ कर. आणखी भांडायचं बळ नव्हतं, वाटलं कार्यक्रम झाल्यावर बघू. आता काठ्यांनीच सगळं सांगितलं. आज जेवण झालं की निवांत वाचणार आहे.

तुझीच

१० सप्टेंबर

वहिनी,

वाचलं.

परवापासून दहा वेळा लिहायला घेतलं. मी मुख्याध्यापिका होते. प्रश्नपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय पेन उचलू नका, असं मुलांना जन्मभर सांगत आले.

ती आमच्या पायांशी ओरडत होती, वहिनी, आणि मी म्हणत होते, किती धीट आहे.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. अधीक्षकांना पाटी थांबवा म्हणून कळवू का? मी येऊ का? मी काय करू ते मला सांग. तू म्हणशील ते करीन.

१५ सप्टेंबर

वन्सं,

तुमच्यावर राग आहे. लिहून टाकलेला बरा. काही दिवस राहील. माझ्यावरही आहे. काठ्या मी रोवल्या, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमचं उत्तर आलं नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं. सहा तारखेला मी दाराला कडी लावून आत बसले. तुमच्या बसचा भोंगा ऐकू आला, माईकवर तुमचा आवाजही आला. शब्द कळले नाहीत, लोक हसले तेवढं कळलं. धक्क्यापर्यंत चालत जाणं फार लांब नव्हतं. मी गेले नाही, कारण मला टी-शर्ट बघायचे नव्हते. तेव्हा सगळं तुम्ही एकट्या उचलू नका.

पाटी थांबवू नका. कालच लागली. नाव नीट लिहिलं आहे. खाली "लोकसहभागातून स्वच्छ तलाव" अशी ओळ आहे. ती वाचली की माझ्या कपाळात तिडीक जाते. पण अधीक्षकांना म्हटलं तर ते म्हणाले, पुन्हा रंगवायची तर नवा प्रस्ताव लागेल. कारकुनाला विचारलं, साहेबांना मी काठ्यांचं सांगितलं तेव्हा तू तिथेच होतास, मग त्या लोकांना का सांगितलं नाहीस? तर म्हणाला, "सांगितलं की बाई, काठ्या लावल्यात म्हणून." काय बोलणार? पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

तुम्ही विचारता, काय करू. या. टी-शर्ट न घालता या, बस न घेता या. पाहुण्यांची चादर काढून ठेवते. तुमच्या वडिलांचं शेत कुठवर होतं ते मला आता एकटीला नीट लक्षात राहत नाही, तुम्ही नावेत बसून दाखवा. आणि तुम्हाला वाटेल की मी तिथे बसून अंडी मोजून रडले असेन, तर तसं झालं नाही. मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावर गेले, तेव्हा दोन टिबुकल्या उघड्या पाण्यावर गोल फिरत होत्या. एकीच्या चोचीत गवताची एकच काडी होती आणि ती कशाला अडकवावी हे तिला कळत नव्हतं. काठावर तुमचे ढीग होते, वरून सुकलेले, आतून ओले. दुपारी ट्रक येऊन ते नेणार होता. पहाऱ्यावरचा नवा माणूस ओरडला, "अहो बाई, काल काढलेलं आज परत कुठे नेता?" मी त्याला म्हटलं, जिथलं आहे तिथे. त्याने जरा वेळ पाहिलं आणि पाठ फिरवली. मी ढिगांमधलं ओलं गवत उपसून नावेत भरलं आणि ट्रक येईपर्यंत फेऱ्या मारून ते सगळं परत पाण्यात सोडलं.

वहिनी